औदुंबर : पारावरचा आणि औषधातला

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



माझ्या उजव्या पायाला आज चार बोटे आहेत. पाचवे, म्हणजे करंगळी, कशी गेली ते पुढे सांगतोच. पण दत्तजयंतीच्या या अंकात मी औदुंबरावर का लिहायला बसलो, त्याचे कारण ते बोट आहे. मी मूळचा लातूरचा. बँकेतली बहुतेक नोकरी नांदेड जिल्ह्यात झाली. शिक्षण बी. कॉम. मी वैद्यही नाही आणि डॉक्टरही नाही. पण निवृत्तीनंतर या झाडाविषयी जमेल तेवढे वाचले, आयुर्वेदाच्या आणि विज्ञानाच्या प्राध्यापक मंडळींना विचारले, आणि जमा-खर्चाची सवय असल्यामुळे त्याचा हिशेब मांडून ठेवला. तो आपल्यापुढे ठेवतो. आपल्यात साठी ओलांडलेले पुष्कळ आहेत, आणि साखर, बीपी नाही असे घर आता सापडणे कठीण. म्हणून हा हिशेब आपल्या कामाचा आहे.

झाडाची ओळख

आपण पूजेत औदुंबर म्हणतो, बोलताना उंबर म्हणतो. संस्कृतात उदुंबर. शास्त्रीय नाव फायकस रॅसिमोसा. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली हे नाव दिले. जुन्या पुस्तकांत फायकस ग्लोमेराटा असेही सापडते, झाड तेच. वड, पिंपळ आणि अंजीर हे उंबराचे सख्खे भाऊबंद. चौघांनाही चीक असतो, आणि चौघांचे फळ एकाच पद्धतीचे.

उंबराची फळे पानांच्या बेचक्यात न येता थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसाने लगडतात. पिकली की लालसर होतात. झाड बहुधा ओढ्याकाठी, विहिरीजवळ, ओल असेल तिथे दिसते. म्हणून जुनी माणसे उंबर दिसला की जवळ पाणी आहे असे समजत. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणून प्यालेल्या आम्हा लातूरकरांना अशा झाडाची किंमत वेगळी सांगायला नको.

एक सावधगिरी. काळा उंबर किंवा बोखाडा नावाचे दुसरे झाड असते. त्याची पाने हाताला खरखरीत लागतात आणि फांदीवर समोरासमोर जोडीने येतात. खऱ्या उंबराची पाने गुळगुळीत, एकाआड एक. बोखाड्याच्या फळाने उलट्या होऊ शकतात. तेव्हा 'उंबराची साल' म्हणून कोणी काही आणून दिले, तर आधी झाड बघावे.

उंबराचे फूल

फार दिवसांनी कोणी भेटले की आपण म्हणतो, 'काय हो, उंबराचं फूल झालात!' उंबराला फूल दिसत नाही, म्हणून ही म्हण. पण फूल नसते असे नाही. ज्याला आपण फळ म्हणतो ती खरे तर एक बंद पिशवी आहे, आणि बारीक बारीक शेकडो फुले तिच्या आत असतात. पिशवीच्या टोकाला एक सूक्ष्म भोक असते. त्यातून चिलटाएवढी एक माशी आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. बाहेरून आणलेले पराग ती आतल्या फुलांवर टाकते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढची पिढी आतच वाढते. नरांना पंख नसतात. ते आतून वाट कोरून देतात आणि त्यांचे आयुष्य फळातच संपते. माद्या नवे पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडून जातात. ही माशी नसेल तर उंबराला बी धरणार नाही.

आपल्या पूर्वजांनी या फळाला 'जंतुफल' म्हटले ते उगाच नव्हे. पिकले उंबर खायचे तर उकलून, झटकून, स्वच्छ करून खावे. कच्च्या उंबरांची भाजी करतात, तीही चिरून, धुऊन.

ग्रंथ काय सांगतात

श्रीगुरुचरित्राच्या एकोणिसाव्या अध्यायात औदुंबराचा महिमा आला आहे. हिरण्यकश्यपूचे पोट फाडल्यावर नरसिंहाच्या नखांची विषाने आग होऊ लागली. तेव्हा लक्ष्मीने औदुंबराची फळे आणली, त्यांत नखे रोवली आणि दाह शांत झाला, ही कथा आपण सर्व पारायणात वाचतो. मला यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी वाटते. कथेतले औषध दाहावर आहे आणि बाहेरून लावलेले आहे. आयुर्वेदानेही उंबराला थंड आणि तुरट म्हटले आहे. पित्त, दाह, रक्तस्राव आणि जखमा यांवर तो मुख्यतः सांगितला आहे.

चरकसंहितेत लघवीचे अतिप्रमाण आवरणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गट आहे. त्यात जांभूळ, आंबा, वड, पिंपळ यांच्याबरोबर उंबर येतो. मधुमेहात लघवी वारंवार होते, त्यामुळे प्रमेहावर उंबर वापरण्याची परंपरा समजण्यासारखी आहे. सुश्रुताने न्यग्रोधादि गणात, म्हणजे वडाच्या गटात, त्याला घेतले आहे. आणि 'पंचवल्कल' म्हणून पाच सालींचे जे मिश्रण जखमा धुवायला वैद्य आजही वापरतात, त्यात वड, पिंपळ, पिंपरी आणि पारोसा पिंपळाबरोबर उंबराची साल असते.

सालीत काय काय आहे

आता रसायनाकडे वळू. नावे अवघड आहेत, पण काम सोपे करून सांगतो.

पहिले टॅनिन. कच्चे केळ खाल्ले की जीभ आखडते, तो टॅनिनचा गुण. चहात, हिरड्यात, बाभळीच्या सालीतही ते असते. बाभळीच्या सालीने चांभार कातडे कमावतात ते याच्याच जोरावर. टॅनिन प्रथिनांना धरून घट्ट करते. तोंड आले असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर उंबराच्या सालीच्या काढ्याने गुळण्या केल्यावर बरे वाटते, त्याचे कारण हे. जुलाबात तुरट वस्तू देतात त्याचेही कारण हेच. उंबराच्या सालीत टॅनिन भरपूर आहे.

दुसरे ल्युपिओल आणि तिसरे बीटा-सिटोस्टेरॉल. ही दोन्ही मेणचट, तेलकट स्वभावाची द्रव्ये. ल्युपिओल आंब्यातही असते. प्रयोगशाळेत ते सूज कमी करते असे दिसले आहे. बीटा-सिटोस्टेरॉलची घडण कोलेस्टेरॉलसारखी असते, त्यामुळे ते आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवते. शेंगदाण्यात आणि खाद्यतेलांतही ते असते.

चौथे, पानांतले. उंबराच्या पानांतून रॅसिमोसिक ॲसिड नावाचे द्रव्य वेगळे काढले आहे. झाडाच्या शास्त्रीय नावावरूनच त्याचे नाव पडले. सूज निर्माण करणाऱ्या घटकांना ते परीक्षानळीत अडवते. पानांत बर्जेनिन नावाचे द्रव्यही सापडते.

पाचवे, चिकातली पाचक द्रव्ये. ती प्रथिने तोडतात. म्हणून चीक नाजूक कातडीला झोंबतो. डोळ्यांत तर मुळीच जाऊ देऊ नये.

सहावे, फळातली गॅलिक आणि एलॅजिक आम्ले. ही आवळा-डाळिंबातही असतात. फळात तंतू आहेत, बिया आहेत आणि साखरही आहे. 'उंबर साखरेवर चांगले' असे ऐकून मूठ-मूठ पिकली उंबरे खाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

काढ्यात किती उतरते

माझ्यासारख्या कारकुनाला इथे पहिला प्रश्न पडला. सालीत एवढे सगळे आहे, पण माझ्या पेल्यात किती येते? विज्ञानाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी समजावले ते असे. आपण काढा पाण्यात करतो. पाण्यात टॅनिन चांगले उतरते. पण ल्युपिओल आणि बीटा-सिटोस्टेरॉल तेलकट असल्यामुळे पाण्यात जवळपास उतरत नाहीत. प्रयोगशाळेत पुष्कळदा अल्कोहोलमध्ये अर्क काढतात, त्यात ती येतात. म्हणजे कागदावर ज्या अर्काचे गुण वाचले, तो अर्क आणि आपल्या पातेल्यातला काढा या दोन वेगळ्या वस्तू झाल्या. खाते एकाचे आणि पासबुक दुसऱ्याचे, असा प्रकार.

दुसरा हिशेब मात्रेचा. सालीच्या अर्काने मधुमेही उंदरांच्या रक्तातली साखर उतरते, हे प्रयोगांत दिसले आहे. ते खोटे नाही. अशा प्रयोगांत जनावराच्या दर किलो वजनामागे २०० ते ४०० मिलिग्रॅम अर्क देण्याची पद्धत दिसते. ४०० धरू. साठ किलोच्या माणसाला सरळ गुणाकाराने २४ ग्रॅम झाले. पण लहान जनावर औषध लवकर पचवून टाकते, म्हणून मोठ्या उंदराची मात्रा माणसासाठी ढोबळ मानाने सहाने भागतात. उरले ४ ग्रॅम. हा सुका अर्क आहे. समजा दहा भाग सालीतून एक भाग अर्क निघाला, तर रोज ४० ग्रॅम साल लागेल. वर्षाची १४ किलो ६०० ग्रॅम, एका माणसाला! एका गावात पन्नास जणांनी हे धरले तर सातशे तीस किलो साल. पारावरचा औदुंबर किती दिवस उभा राहील?

आणि एवढे करूनही तो हिशेब उंदरावरून बांधलेला. माणसांवरचे अभ्यास फार थोडे आणि छोटे आहेत. त्यांवरून 'गोळीच्या जागी उंबर' असे कोणी म्हणू शकत नाही.

माझी चूक

हे सगळे मला आधी कळले असते तर बरे झाले असते. निवृत्त झालो तेव्हा मला साखर होतीच. सकाळ-संध्याकाळ गोळी चालू होती. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ७.२ आली होती. म्हणजे फार वाईट नव्हे. एका ओळखीच्या माणसाने सांगितले, 'गोळ्यांनी किडनी जाते, औदुंबराच्या सालीचा काढा घ्या, दत्तगुरूंचा प्रसाद आहे.' त्यांचा हेतू चांगलाच होता. मलाही ते पटले, कारण पटवून घ्यायचे होते. रोज गोळी घेण्याचा कंटाळा आला होता, आणि श्रद्धेचे नाव घेतले की कंटाळ्यालाही मान मिळतो.

आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, काय करायलात हे? डॉक्टरांना विचारलं का?" मी म्हणालो, "महाराजांवर विश्वास नाही का तुझा?" ते वाक्य मला आजही टोचते. त्यांचा महाराजांवर विश्वास होता, माझ्या अकलेवर नव्हता, आणि त्या बरोबर होत्या.

पाच महिने काढा घेतला. गोळ्या बंद. तपासणीही बंद, कारण 'बरं वाटायलंय की!' साखर वाढलेली कळत नाही, हाच तिचा मोठा धोका. मार्गशीर्षात माहूरला गेलो. दत्तशिखरावर अनवाणी चढलो, अनसूया मातेचेही दर्शन घेतले. मन भरून आले. घरी आल्यावर सौभाग्यवतींना फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. माझ्या तळपायात बारीक खडा रुतून करंगळीपर्यंत चीर गेली होती आणि मला काही कळलेच नव्हते. साखरेने पायाच्या संवेदना बोथट झाल्या होत्या.

मी पुन्हा उंबराच्या सालीच्या पाण्याने पाय धुवू लागलो. आठ दिवसांत करंगळी काळी पडली. दवाखान्यात एचबीएवनसी ११.६ निघाले. डॉक्टर वयाने माझ्या लेकाएवढे. ते रागावले नाहीत. म्हणाले, "काका, बँकेत होतात ना? पाच महिने शिल्लक न बघता चेक कसे काय फाडलेत?" मी मान खाली घातली. बोट काढावे लागले. पाय वाचला.

पुढे एका वैद्यांनी सांगितले ते इथे मुद्दाम लिहितो. पंचवल्कलाने जखम धुणे चुकीचे नव्हते. पण रक्तात साखर अकरावर असताना बाहेरून कितीही धुतले तरी जखम भरत नाही. आधी आतली साखर उतरवायची, मग बाहेरचा उपाय चालतो. म्हणजे उंबर खोटा ठरला नाही. मी त्याला त्याचे नसलेले काम सांगितले होते.

आपल्या गोळीचा पूर्वजही झाडच

'ॲलोपॅथी म्हणजे केमिकल' असे म्हणणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट. आपल्यापैकी कितीतरी जण मेटफॉर्मिन घेतात. युरोपात गॅलेगा नावाची निळसर-जांभळ्या फुलांची एक वनस्पती आहे. वारंवार लघवी होण्यावर तिथली जुनी माणसे ती वापरत, जसे आपल्याकडे उंबर. तिच्यातले साखर उतरवणारे द्रव्य सापडले, पण ते विषारीही निघाले. त्याच कुळातले, पण सौम्य असे मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झाले. १९५७ साली फ्रान्समधल्या जाँ स्टर्न या डॉक्टरांनी मधुमेही रुग्णांवरचे त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. म्हणजे वनस्पतीच्या वापरापासून मोजून-मापून घेतलेल्या गोळीपर्यंत यायला पिढ्या गेल्या. या वाटेवर तिचा अपायही तपासला गेला आणि मात्राही ठरली. उंबर अजून त्या वाटेच्या सुरुवातीला आहे. उद्या एखादा अभ्यासक, कदाचित आपल्या नांदेड-लातूरचाच एखादा मुलगा-मुलगी, ती वाट पुढे नेईल. तोपर्यंत आपला पाय पणाला लावून प्रयोग करायचा नाही.

गृहस्थाश्रमींसाठी काही सूचना

१. चालू गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये, कमीही करू नये.

२. सालीचा काढा घ्यायचाच असेल तर शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावा, आणि आपल्या डॉक्टरांनाही तसे सांगावे. दोघांपासून लपवू नये. गोळी आणि काढा दोन्हींनी मिळून साखर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, एकदम भूक, गोंधळल्यासारखे वाटणे ही तिची लक्षणे. अशा वेळी लगेच साखर किंवा गूळ खावा.

३. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तुरट काढा, चहा त्यांच्यासोबत घेऊ नये. टॅनिन लोहाला धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. दोन तासांचे अंतर ठेवावे.

४. तोंड आले असता सालीच्या कोमट काढ्याच्या गुळण्या करायला हरकत नाही. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवावी, विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांनी.

५. नाव-पत्ता नसलेल्या, 'साखर मुळापासून नाहीशी' करणाऱ्या भुकट्या घेऊ नयेत. अशा भुकट्यांत लपवून मिसळलेली ॲलोपॅथीची औषधे सापडल्याची उदाहरणे आहेत.

६. गोवर, कांजिण्यांत उंबराच्या मुळाचे पाणी देण्याची आपल्याकडे रीत आहे. अशा न उकळलेल्या पाण्यावर लहान लेकराला ठेवू नये. गोवराची लस वेळेवर द्यावी आणि दवाखाना करावा.

७. मधुमेह्याने रोज रात्री पाय आरशात बघावेत, नाहीतर घरच्यांना बघायला सांगावेत. प्रदक्षिणा, पायी वारी, शिखर चढणे खुशाल करावे. अनवाणी चालण्याचा नवसच असेल तर गाभाऱ्यापुरता ठेवावा.

पारावरच्या झाडाची साल

शेवटची विनंती झाडासाठी. काही ठिकाणी पारावरच्या औदुंबराची साल भक्त 'प्रसाद' म्हणून सोलून नेतात. पानात तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळापर्यंत उतरते. खोडाभोवती साल गोल काढली गेली की मुळे उपाशी मरतात आणि वर्षा-दोन वर्षांत झाड वाळते. ज्याच्या छायेत श्रीगुरूंचा वास आहे असे आपण मानतो, त्याचीच अशी उपासमार आपल्या हातून होऊ नये. औषधाला साल लागलीच तर ती लावलेल्या झाडाच्या छाटलेल्या फांदीची घ्यावी. त्याहून चांगले म्हणजे प्रत्येक पारायणामागे एक रोप ओढ्याकाठी लावावे.

माझे म्हणाल तर आता गोळ्या वेळेवर आहेत, एचबीएवनसी सातवर आहे, दर तीन महिन्यांनी तपासतो आणि वहीत लिहितो. रोज सकाळी चप्पल पाराखाली काढून मोजे घालून औदुंबराला अकरा प्रदक्षिणा घालतो. काढा घेत नाही. औदुंबराला पूज्य व्हायला औषध असण्याची गरज नव्हती. तो आधीपासून पूज्य होता. औषधाचे खाते वेगळे ठेवले आणि भक्तीचे वेगळे, तेव्हा दोन्ही खाती जुळली.

यंदा माहूरला जायचे ठरले आहे. सौभाग्यवतींनी बूट आधीच घेऊन ठेवलेत.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥